सुरळीचा पाव

अनुसूयाबाईंच्या तोंडी शेवटी एकच शब्द उरला, आणि तो मराठी नव्हता.

चैत्रातल्या एका सकाळी तुळशीला पाणी घालून वळताना त्या मागच्या पायरीवर बसल्या. बसल्या त्या पुन्हा स्वतःच्या पायांनी उठल्याच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बंगळुरात त्यांच्याच चामराजपेठेत राहणारे डॉक्टर शेषगिरी धावत आले. त्यांनी डोळे पाहिले, पायाच्या तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, आणि बाहेर येऊन हात धुताना अहल्येला म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. फक्त बाहेर येत नाही."

अहल्या अनुसूयाबाईंची एकुलती मुलगी. मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दिवसभर पुस्तकांत असायची आणि संध्याकाळी येतानाही दोन पुस्तकं काखेत घेऊन यायची. लग्न झालं नव्हतं, आणि त्याचा विषय घरात कोणी काढत नसे. डॉक्टरांचं वाक्य तिला पेललं नाही. काहीच समजत नाही असं ते म्हणाले असते तर तिने एक वेळ सोसलं असतं.

घर चालवायला देवनहळ्ळीहून चंद्राबाई आल्या. त्या अहल्येच्या वडिलांच्या, नरसिंहरावांच्या, थोरल्या बहीण. एक वळकटी, स्वतःचा तांब्या आणि तोंडात अखंड बोलणं एवढं घेऊन त्या बसमधून उतरल्या, आणि आल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर धुऊन काढलं.

"अनुसूयाचं सगळं चांगलं गं," त्या अहल्येला म्हणाल्या, "पण डब्यांवर नावं नाहीत. कशात काय आहे ते तिला ठाऊक आणि देवाला ठाऊक."

"आईला लागत नाहीत नावं, आत्या."

"तिला लागत नाहीत. मला लागतात ना?"

सुरुवातीला अनुसूयाबाईंच्या तोंडून नुसते आवाज यायचे. मग हळूहळू त्या आवाजांना आकार आला, आणि एके दिवशी स्पष्ट शब्द उमटला, "हुळी." नरसिंहरावांनी आनंदाने पंच्याने डोळे पुसले. पण पाणी हवं असलं तरी हुळी, कूस बदलायची असली तरी हुळी. डॉक्टर म्हणाले असं होतं. घरची भाषा पुसली जाते आणि बाहेरून शिकलेला एखादाच शब्द चिकटून राहतो. का, ते सांगता येत नाही.

हुळी म्हणजे कानडीत आंबट, आणि तुरीची डाळ नि चिंच घालून केलेली आमटीसुद्धा हुळीच. तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर इकडे आलेल्या या घरात मराठी टिकली होती खरी, पण आमटीला आमटी कोणीच म्हणत नव्हतं. तेव्हा अनुसूयाबाई हुळी म्हणाल्या की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे डाळीचं भांडं यायचं.

ज्येष्ठ अमावास्येला सूर्यग्रहण होतं. सिलोनात खग्रास दिसणार म्हणून वर्तमानपत्रांत रोज काही ना काही छापून येत होतं. बंगळुरात खंडग्रास, आणि तेही सकाळीच, म्हणजे वेध आदल्या संध्याकाळीच लागणार. चंद्राबाईंनी दिवेलागणीच्या आत सगळ्यांना जेवायला घातलं आणि दर्भाची जुडी घेऊन फडताळापुढे उभ्या राहिल्या. ग्रहणात जे टाकून द्यायचं नाही त्यावर दर्भाची काडी ठेवायची. लोणच्याच्या बरणीवर एक, तुपाच्या भांड्यावर एक, विरजणावर एक, पापडांच्या डब्यावर एक.

अनुसूयाबाईंची खाट मधल्या खोलीत होती. तिथून दारातून फडताळ दिसायचं. त्या बघत होत्या.

"हुळी," त्या म्हणाल्या.

"झालं!" चंद्राबाई म्हणाल्या. "वेध लागले आणि हिला हुळीची आठवण झाली."

"हुळी. हुळी."

"तिचा वन्संवर राग दिसतोय," नरसिंहराव हसून म्हणाले. "उपाशी ठेवताय म्हणून."

"आजाऱ्याला वेध नसतात रे बाबा. दे गं अहल्ये, दुपारची स्वल्प उरलीय, गरम करून दे तिला."

अहल्येने वाटीत हुळी आणली. पहिला चमचा ओठांपाशी नेला तो अनुसूयाबाईंनी डाव्या हाताने उडवून लावला. पिवळा डाग चादरीवर पसरला. त्या हाताने त्यांनी फडताळाकडे दाखवलं. अहल्येने मागे वळून पाहिलं. फडताळ, डबे, दर्भ. सगळं जागच्या जागी.

"काय हवं आई? पापड? लोणचं?"

"हुळी," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. ग्रहण कोणालाच धड दिसलं नाही. नुसता उजेड मळला आणि पुन्हा स्वच्छ झाला. मोक्ष झाल्यावर चंद्राबाईंनी स्नान केलं, पिण्याचं पाणी ओतून नवं भरलं आणि फडताळ आवरायला घेतलं. सगळ्यात खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, त्यांना एक चिनी मातीची बुटकी बरणी मिळाली. तोंडाला फडकं बांधलेलं. वर दर्भ नाही. फडकं सोडून त्यांनी वास घेतला आणि नाकाला पदर लावला.

"शी! पीठ नासलंय की गं यात. किती दिवसांचं आहे कोण जाणे."

बरणी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून त्या मधल्या खोलीतून मागच्या मोरीकडे निघाल्या. खाटेपाशी आल्या तशी अनुसूयाबाईंनी एकदम मान उचलली. आजारात त्यांनी तशी मान कधी उचलली नव्हती. "हुळी!" त्या ओरडल्या. "हुळी! हुळी!" आणि डाव्या हाताची मूठ भिंतीवर आपटायला लागल्या.

अहल्या धावली. तिने आईची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि खाली दाबली. "हो गं. करते. आत्ता ग्रहण सुटलंय, आत्ता करते हुळी. शांत हो बघू." मोरीत बरणी उपडी झाल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. अनुसूयाबाईंचा हात ढिला पडला. अहल्येला वाटलं, आपलं बोलणं लागू पडलं. तिने ग्रहणस्नानाच्या ओल्या साडीनेच जाऊन डाळ शिजत घातली, चिंच भिजवली, आईला आवडतो तसा मसाला ताजा वाटला. हुळी उत्तम झाली होती. अनुसूयाबाईंनी तोंड उघडलं नाही.

आणि मग त्या कशालाच तोंड उघडेनात. भाताची पेज, नाचणीची अंबील, दूध, शहाळ्याचं पाणी. चमचा ओठाला लागला की ओठ घट्ट. जबरदस्तीने घातलं तर एका कोपऱ्यातून बाहेर. चंद्राबाई रोज नवं काही करत आणि रोज तेच म्हणत, "आ कर गं अनुसूया. लेकीसाठी तरी आ कर." डॉक्टर शेषगिरींनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पोटात काहीतरी गेलं पाहिजे," ते म्हणाले. "नाकातून नळी घालता येईल, पण या अवस्थेत मला धीर होत नाही. त्यांना आवडायचं असं काय? काहीही. पथ्यपाणी विसरा आता."

नरसिंहराव खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "सुरळीचा पाव."

"म्हणजे?"

"दालचिनीचा. गोड असतो. घरी करते ती."

घरी पाव करणारी बाई त्या आळीत दुसरी नव्हती. लढाईच्या दिवसांत नरसिंहराव मिलिटरीच्या हिशेबखात्यात होते, तेव्हा त्यांचं बिऱ्हाड कॅन्टोन्मेंटात होतं. शेजारी डोरा पिंटो म्हणून मंगळूरकडची ख्रिस्ती बाई राहायची. तिच्याकडून अनुसूयाबाई हा पाव शिकल्या. अंडं वगळून, चरबीच्या जागी तूप घालून. मैदा दुधात मळायचा, रात्रभर फडक्याखाली ठेवायचा. सकाळी लाटून त्यावर तूप, साखर आणि दालचिनीची पूड पसरायची, चटईसारखी घट्ट सुरळी करायची, तिचे काप करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावायचे. मग मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. हे सगळं मागच्या पडवीत चालायचं, कारण चुलीच्या सोवळ्याशी त्याचा संबंध नको. अहल्या लहानपणापासून पडवीच्या दारात पुस्तक घेऊन बसायची, आणि वास आला की पान न वळवता हात पुढे करायची. तिने खाल्ला खूप. केला कधीच नाही.

"मी करते," ती आता म्हणाली.

"तुला येतो?" वडिलांनी विचारलं.

त्या दुपारी रजा टाकून ती कॅन्टोन्मेंटच्या बसमध्ये बसली.

डोराबाई आता थकल्या होत्या. केस पिकलेले, झग्यावर लोकरीचं जाकीट. अनुसूयाचं ऐकून त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूस काढला आणि अहल्येला हाताला धरून आत नेलं. त्यांच्याशी घरातल्या सगळ्यांचं बोलणं पहिल्यापासून कानडीत. त्या अनुसूयाबाईंना अक्का म्हणायच्या, अनुसूयाबाई त्यांना डोराक्का. दोघी एकमेकींच्या अक्का.

"पाव करायचाय? कर की. मी सांगते सगळं," त्या म्हणाल्या. "मैदा तू चाळून घे. आणि हुळी? हुळी बरी आहे ना? तिला पीठ कोण घालतंय?"

अहल्येला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "हुळीला पीठ?"

"अगं, बरणीतली हुळी. पाव फुगवायची. मैदा आणि पाणी, अधूनमधून एक मूठ पीठ घालायचं, नाही तर मरते ती. माझ्या सासूची हुळी आहे ती. मी दिली अक्काला, चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. अक्का म्हणायची, आमच्या भाषेत याला काय म्हणतात माहीत नाही, मी आपली तुझाच शब्द ठेवते." त्या हसल्या. "माझी दोनदा मेली. दोन्ही वेळा अक्काकडून परत आणली. आता मी करतच नाही, मुलगा बेकरीतला आणतो. पण मनाला असायचं, की अक्काकडे आहे."

अहल्येच्या हातांना आईची मूठ आठवत होती. भिंतीवर आपटणारी, आणि मग तिने खाली दाबलेली.

"का गं? काय झालं?"

"टाकली," ती म्हणाली. "ग्रहणात दर्भ ठेवला नाही, म्हणून टाकली."

डोराबाईंना दर्भ कळला नसावा. टाकली एवढं कळलं. त्यांनी अहल्येच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला. मग त्यांनी नवी हुळी कशी धरायची ते सांगितलं. पीठ, पाणी, चार मनुका, आणि वाट बघायची. "थंडीवाऱ्याचे दिवस आहेत. लवकर नाही यायची. घाई केलीस तर नुसतं आंबट पीठ होईल."

घरी येऊन अहल्या खाटेच्या कडेवर बसली. इतक्या दिवसांत आईशी ती मोठ्याने, सोपं करून बोलत आली होती, लहान मुलाशी बोलावं तसं. आज हळू बोलली.

"आई, बरणीतली हुळी. पावाची. तेच सांगत होतीस ना तू?"

अनुसूयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, हात उडवला नाही. तो शब्दही उच्चारला नाही, आणि त्यानंतर कधीच उच्चारला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. बरणी मोरीत गेली हे त्यांना सांगायचं राहिलेलं नव्हतं. ते त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं.

दारात चंद्राबाई उभ्या होत्या. "मला काय ठाऊक, अहल्ये?" त्या म्हणाल्या. "मी काय मुद्दाम केलं? नासलेलं वाटलं मला. कोणालाही वाटलं असतं." त्यांचा आवाज चढला. "नावं का लिहीत नाही ही बाई डब्यांवर!" आणि त्या आत निघून गेल्या.

नवी हुळी धरली. पहिल्या सकाळी काही नाही. दुसऱ्या सकाळी काही नाही. पाऊस बारीक लागून राहिला होता, घरभर गारठा. चंद्राबाई उठल्या उठल्या बरणीपाशी जात. स्नानाच्या आधीच जात, म्हणजे सोवळ्याचा प्रश्न नको.

"वर आली का गं?"

"नाही आत्या."

"पाणी जास्त झालंय. मी म्हटलं होतं."

"डोराबाईंनी सांगितलं तेवढंच घातलंय."

"त्यांच्या कॅन्टोन्मेंटचं पाणी वेगळं." मग जरा थांबून, "पांघरूण घालू का तिला? लोकरीचं?"

अहल्येने नको म्हणेपर्यंत त्यांनी आपली शाल बरणीभोवती गुंडाळलीही होती.

इकडे अनुसूयाबाईंच्या ओठांना ओलं बोट लावणं एवढंच उरलं होतं. तेवढं त्या लावू देत. गाल आत गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर येऊन जात आणि औषध बदलत नसत. अहल्या रात्री कंदिलापाशी पुस्तक उघडून बसायची आणि तीच ओळ पुनःपुन्हा वाचायची. इतकी वर्षं तिने शब्दांवर विश्वास ठेवला होता. एक शब्द ऐकून दुसरी गोष्ट समजणारी माणसं पुस्तकांत भेटली की ती हसत आली होती.

शेवटी एका सकाळी पिठावर बुडबुडे दिसले. चंद्राबाईंनी अहल्येला हलवून उठवलं. "बघ, बघ, श्वास घेतीय!" त्यांनी शालीसकट बरणी उचलली आणि थेट खाटेपाशी नेली. "अनुसूया, ही बघ. आली तुझी हुळी." फडकं सोडून बरणी त्यांनी भावजयीच्या नाकाजवळ धरली. अनुसूयाबाईंच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले, बरणीवर थांबले, आणि मग चंद्राबाईंच्या चेहऱ्यावर. चंद्राबाई घाईघाईने म्हणाल्या, "मी हात नाही हं लावत यापुढे. लेकच करेल."

अजून दोन दिवस थांबायला हवं होतं. डोराबाईंनी तसं बजावलं होतं. पण थांबायची सोय नव्हती. त्याच संध्याकाळी अहल्येने मैदा मळला, सकाळी लाटला. सुरळी सैल झाली, साखर कडेने बाहेर आली. नरसिंहरावांनी स्वतः निखारे फुंकले. धुराने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते बाजूला झाले नाहीत. मग पडवीतून दालचिनीचा वास उठला, मधल्या खोलीत शिरला, आणि अनुसूयाबाईंनी मान दाराकडे वळवली. आपण होऊन. अहल्येने ते पाहिलं.

पाव पुरता फुगला नव्हता. खालून जळला होता, मध्ये जरा कच्चा होता. तिने वरचा मऊ भाग काढला, दुधात कुस्करला आणि वाटी घेऊन खाटेवर बसली. चंद्राबाईंनी भावजयीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"आई, पाव आहे. सुरळीचा."

अनुसूयाबाईंनी तोंड उघडलं.

अहल्येने चमचा आत घातला. ओठ मिटले. जबडा हलला, एकदा, दोनदा. डोळे मिटलेले. नरसिंहराव खाटेच्या पायथ्याशी दांडा धरून उभे होते, त्यांचाही जबडा हलत होता.

"खातीय," ते म्हणाले. "खातीय गं."

जबडा थांबला. सगळे वाट पाहत राहिले. गळा हलला नाही. अहल्येने हळूच हनुवटीवर बोट ठेवलं, गळ्यावरून खाली फिरवलं. "गीळ, आई. गीळ बघू." अनुसूयाबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या प्रयत्न करत होत्या, सगळा जीव एकवटून. आणि मग ठसका लागला. चेहरा निळा पडायला लागला. चंद्राबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं, अहल्येने आईच्या गालात बोट घातलं आणि घास बाहेर काढला. तान्ह्या मुलाने तोंडात घातलेली माती काढतात तसा. तो सगळाच्या सगळा तिच्या तळहातावर आला. त्यातलं कणभरही गेलं नव्हतं.

श्वास परत यायला बराच वेळ लागला. मग तो संथ झाला. चंद्राबाई पदराने भावजयीचा घाम टिपत होत्या. तेव्हा अहल्येला कळलं, की गेले कित्येक दिवस आईचे ओठ घट्ट होते ते रागाने नव्हते. हुळीसाठी नव्हते, कोणासाठीच नव्हते. गिळणं गेलं होतं, आणि तेही तिला सांगता आलं नव्हतं.

अहल्येने हात पुसला. वाटी उचलून बाजूला ठेवायला गेली. चमचा वाटीच्या कडेला लागून वाजला.

त्या आवाजाने अनुसूयाबाईंनी डोळे उघडले. लेकीच्या हातात वाटी होती, चमचा होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तोंड उघडलं. मोठं उघडलं, वाकडं, होईल तेवढं. आणि तसंच धरून ठेवलं.

"अहल्ये," नरसिंहराव हळूच म्हणाले, "नको."

तिने वाटी जमिनीवर ठेवली. चमचा वाटीखाली सरकवला. रिकामे हात आईला दिसतील असे वर धरले. तरी ते तोंड उघडंच होतं. ओठ थरथरत होते, डोळे तिच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत भूक नव्हती. आ केला होता तो लेकीसाठी.

"मीट गं आई," ती म्हणाली. "मीट आता. झालं माझं."